गाडीवाल्याला विचारा : पहिला कोण आला, हे ठरवते कोण?

मागच्या अंकात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर लिहिता लिहिता अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींबद्दल दोन ओळी लिहून गेलो. शोरूममधल्या गाडीसारख्या दिसणाऱ्या गाड्या, अंडाकार बंदिस्त रस्ता, शेकड्यांनी फेऱ्या, आणि शेवटी निकालाचा एक लांबलचक कागद, ज्यावर पहिला कोण ते ठरते आणि जो मला शर्यतीपेक्षाही आवडतो. एवढंच. पत्रं आली ती सगळी त्या दोन ओळींवर. हायड्रॉलिकचं कोणाला काही पडलेलं नाही असं दिसते. संपादकांनी या वेळी पानं वाढवून दिली आहेत, तेव्हा क्लच-ब्रेकवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून गावंच तेवढी देतो.

प्रश्न : माझा जावई अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला नोकरीवर आहे. त्यानं १४ फेब्रुवारी २०२१ च्या डेटोना ५०० शर्यतीच्या निकालाचा कागद मोबाईलवर धाडला. पहिला आला मायकेल मॅकडॉवेल. त्याच्या नावापुढं एका रकान्यात १ लिहिलं आहे. पाचव्या आलेल्या डेनी हॅमलिनच्या नावापुढं त्याच रकान्यात ९८. मग ९८ वाला पाचवा काहून? जावयाला विचारलं तर तो म्हणते, "बाबा, ते असंच असते."
— कापूसवाला, पांढरकवडा

उत्तर : जावई खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. तो रकाना 'किती फेऱ्या पुढं होता' याचा. डेटोनाचा रस्ता अडीच मैलांचा, म्हणजे आपले चार किलोमीटर. अशा २०० फेऱ्या, म्हणून ५०० मैल. प्रत्येक फेरी संपताना रेषेवर जो सगळ्यात पुढं, त्याच्या खात्यात ती फेरी जमा होते. हॅमलिनच्या खात्यात अशा ९८ जमा झाल्या. मॅकडॉवेलच्या खात्यात एकच, पण ती दोनशेवी होती.

झालं असं की शेवटच्या फेरीत जोई लोगानो पुढं, त्याच्यामागं त्याच्याच संघाचा ब्रॅड केसेलोव्स्की, आणि केसेलोव्स्कीच्या मागच्या बंपरला नाक लावून मॅकडॉवेल. केसेलोव्स्कीनं पुढं निघायला गाडी काढली, लोगानोनं वाट अडवली, दोघं एकमेकांवर आदळून गरगरा फिरले आणि मधल्या मोकळ्या जागेतून मॅकडॉवेल निघून गेला. पिवळा झेंडा, म्हणजे अपघात झाला, सगळे हळू व्हा, ही खूण. तो पडला त्या क्षणी जो पुढं, तो पुढं. चेस एलियट दुसरा. सगळ्यात वरच्या मालिकेतली मॅकडॉवेलची ती ३५८ वी शर्यत होती आणि पहिला विजय.

हॅमलिनचं काय झालं ते गाडीच्या ताकदीत शोधू नका. डेटोनाला एकट्या गाडीला वेग येत नाही. पुढच्या गाडीनं फाडलेल्या हवेत मागची नाक खुपसते, आणि अशी रांग एकट्या गाडीपेक्षा जोरात पळते. शेवटच्या पेट्रोल-थांब्यानंतर हॅमलिन आणि त्याचे मोजके सोबती मोठ्या रांगेपासून तुटले. गाडी तीच, हात तेच, सोबत सुटली. तरी पुढं राहिलेल्याच्या हाती काहीच लागत नाही असं नाही. २०१७ पासून शर्यतीचे टप्पे पाडले आहेत आणि टप्पा संपताना पहिल्या दहांत असलेल्यांना दहापासून एकपर्यंत गुण मिळतात.

आता माझी सवय सांगतो. निकालाचा कागद मी खालून वर वाचतो. वरच्या पाच ओळी सगळेच वाचतात. खाली पाहा: प्रत्येक नावापुढं गाडी शेवटपर्यंत 'चालू' होती, की 'अपघात', की 'इंजिन', हे लिहिलेलं असते. त्या दिवशी चाळीस गाड्या सुटल्या आणि चौदाव्याच फेरीत सोळा गाड्यांचा गुंता झाला. लगेच पाऊस. शर्यत पावणेसहा तासांच्या आसपास थांबली आणि तिथं मध्यरात्र उलटल्यावर संपली. आपल्याकडं तेव्हा सोमवारचे अकरा वाजत आले होते. खालच्या ओळींतल्या लोकांनी गाडी बांधायला महिने घातले आणि त्यांच्या नावापुढं दोन अंकी फेऱ्या कशाबशा उमटल्या. जावयाला सांगा, पुढच्या वेळी पूर्ण कागद धाड, वरचा तुकडा नको.

प्रश्न : मी एसटीत ड्रायव्हर होतो. हे लोक जन्मभर डावीकडंच वळतात. गाडी उलटत कशी नाही? आणि टायर एकाच बाजूचे झिजत असतील ना?
— दारव्हा

उत्तर : तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं. रस्त्याचा ढाळ पाहा. डेटोनाच्या वळणांवर रस्ता ३१ अंशांनी आत कललेला आहे, टॅलाडेगाला ३३ अंशांनी. तिथं पायी चढायलाही हात टेकावे लागतील. या ढाळामुळं गाडीला बाहेर फेकणारा जोर बराचसा रस्त्यातच दाबला जातो आणि ब्रेकला न शिवता वळण घेता येते. उलट मार्टिन्सव्हिल नावाचं छोटं मैदान आहे, जेमतेम अर्ध्या मैलाचं, ढाळ बारा अंशांचा. तिथं वळणं एवढी आखूड की ब्रेकच्या चकत्या लाल होतात. 

टायरचं म्हणाल तर उजवी बाजू मरते. सगळा भार तिकडं जातो. उजवीकडच्या टायरचा घेर डावीकडच्यापेक्षा मुद्दाम थोडा मोठा ठेवतात, म्हणजे गाडी आपसूक डावीकडं ओढ घेते. ड्रायव्हर डावीकडं बसतो आणि भिंत उजवीकडं असते, हीही त्याची सोय. पूर्वी चाकाला पाच नट असायचे, २०२२ पासून मधोमध एकच. चारही चाकं बदलून आणि पेट्रोल भरून गाडी साधारण दहा सेकंदांत बाहेर पडते. हे मी माझ्या गॅरेजातल्या पोट्ट्याला दाखवलं. तो म्हणाला, "काका, त्याहीले पगार किती हाय?" विषय मी तिथंच सोडला.

प्रश्न : ज्यानं रेषा आधी ओलांडली तो पहिला. यात ठरवण्यासारखं काय आहे? तुम्ही उगाच गूढ करता.
— निवृत्त शिक्षक, मोर्शी

उत्तर : गुरुजी, तसं असतं तर या खेळाची पहिलीच शर्यत सरळ लागली असती. ती लागली नाही.

बिल फ्रान्स नावाच्या माणसानं १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था उभी केली. शोरूममधून आणलेल्या गाड्या जशाच्या तशा पळवायच्या, हा नियम धरून १९ जून १९४९ ला शार्लटच्या मातीच्या मैदानावर शर्यत झाली. आजच्या मुख्य मालिकेची ती पहिली. ग्लेन डनवे आपल्या १९४७ च्या फोर्डमधून तीन फेऱ्यांची आघाडी घेऊन पहिला आला. तपासनिसांनी गाडी खालून पाहिली तर मागचे कमानपाटे बदललेले. त्या भागात चोरून गाळलेली दारू गाडीत भरून पोलिसांच्या हातून निसटणारे लोक पाट्यांवर असंच काम करायचे, म्हणजे मागं ओझं असूनही गाडी बसत नाही आणि वळणावर हलत नाही. कमानपाट्यांत मी आयुष्य काढलं आहे, त्यामुळं सांगतो, वरून पाहणाऱ्याला हे काम कधी दिसायचं नाही. डनवे बाद. दुसरा आलेला जिम रोपर विजेता. हा रोपर कॅन्ससचा. वर्तमानपत्रातल्या एका चित्रमालिकेत शर्यतीचा उल्लेख वाचून सुमारे हजार मैलांवरून आपली लिंकन गाडी चालवत आला होता. डनवेच्या गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला. गाडी नियमात बसते की नाही हे ठरवायचा हक्क संस्थेचा, हे तिथं पक्कं झालं.

दुसरा किस्सा डेटोनाचाच, २२ फेब्रुवारी १९५९, तिथली पहिली ५०० मैलांची शर्यत. रेषेवर तीन गाड्या एका ओळीत आल्या: ली पेटी, जॉनी बोशँप आणि तिसरा जो वेदरली, जो फेरीत मागं होता आणि पहिल्या नंबराशी ज्याचा संबंध नव्हता. बोशँपला विजेता म्हणून हार-तुरे झाले. पेटी म्हणाला, मी पुढं होतो. मग फोटोग्राफरांकडून फोटो आणि न्यूजरीलची फिल्म गोळा करण्यात आली, आणि तीन दिवसांनी निकाल फिरवला: पेटी पहिला. म्हणजे ज्या माणसानं रेषा आधी ओलांडली त्यालाच बक्षीस मिळालं, गुरुजी, तुमचाच नियम. पण तो लागू करायला तीन दिवस लागले.

तिसरा किस्सा मला खटकतो तो. ९ ऑक्टोबर १९८३, शार्लट. ली पेटीचा मुलगा रिचर्ड पेटी जिंकला, ती त्याची १९८ वी जीत. तपासणीत इंजिन मर्यादेपेक्षा मोठं निघालं, आणि डाव्या बाजूसाठी असलेले मऊ टायर उजव्या बाजूला चढवलेले. दंड झाला ३५,००० डॉलर, गुण कापले १०४. जीत मात्र कायम! संस्थेचं धोरण तेव्हा असं होतं की पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकानं घरी जाताना कोण जिंकला ते ठाऊक असूनच जावं. सकाळी पेपरात दुसरंच नाव दिसायला नको. रिचर्डच्या नावावर आज २०० जिती आहेत, हा विक्रम कोणी मोडेल असं वाटत नाही, आणि त्या दोनशेत ही एक आहे. माणूस मोठा, यात वाद नाही. पण माझ्या मते ती जीत काढायला पाहिजे होती. पाटे बदलणाऱ्या डनवेला एक न्याय आणि दुप्पट भानगडीला दुसरा, हे कसं?

धोरण बदलायला २०१९ उजाडलं. आता तपासणी मैदानावरच, शर्यत संपल्यावर लगेच होते आणि गाडी नियमात नसली तर जीत जाते. २४ जुलै २०२२ ला पोकोनोत हेच घडलं. हॅमलिन पहिला, त्याच्याच संघाचा काइल बुश दुसरा. दोघांच्याही गाडीच्या नाकावर, रंगीत वेष्टणाच्या खाली, नियमात नसलेली पट्टी सापडली. हवा थोडी वेगळी वळावी म्हणून. दोघंही बाद, आणि तिसरा आलेला चेस एलियट विजेता. वरच्या मालिकेत विजेत्याची जीत अशी जाण्याची १९६० नंतरची ती पहिली वेळ.

तेव्हा गुरुजी, रेषा ही सुरुवात. शिक्का नंतर बसतो.

प्रश्न : तुम्ही म्हणता निकाल कागदावर ठरतो. मग कागद लिहिणारा माणूस माणूस पाहून लिहीत नसेल कशावरून? हे मी आमच्या गावातल्या खो-खोच्या सामन्यांत पाहिलं आहे.
— बी.ए. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, पुलगाव

उत्तर : तुमचा प्रश्न या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात वजनदार वाटला. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

व्हर्जिनिया राज्यात डॅनव्हिल गावी वेंडेल स्कॉट नावाचा एक गॅरेजवाला होता. जन्म १९२१. काळा माणूस. त्या काळात दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात जेवायला बसू देत नव्हते, आणि हा शर्यतीत उतरला. पैसा नाही, मोठा संघ नाही. गाडी जुनी विकत घ्यायची, स्वतः उघडायची, स्वतः बांधायची, ट्रकमागं ओढत न्यायची. पोरंच त्याचे मेकॅनिक.

१ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचं मातीचं मैदान, २०० फेऱ्या. स्कॉटकडं १९६२ ची शेव्हरोले, नेड जॅरेट या ड्रायव्हरकडून घेतलेली. शेवटच्या पंचवीसेक फेऱ्या उरल्या असताना त्यानं रिचर्ड पेटीला मागं टाकलं. दोनशे फेऱ्या झाल्या, शर्यत संपल्याचा झेंडा पडला नाही. तो आणखी पळत राहिला. झेंडा पडला तो बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरवर. बेकरला ट्रॉफी, बेकरचे फोटो. स्कॉटनं हरकत घेतली. कागद पुन्हा मोजले तेव्हा निघालं की स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढं होता. त्यानं दोनशेऐवजी २०२ फेऱ्या मारल्या होत्या. तोवर लोक घरी गेले होते आणि ट्रॉफीही गेली होती.

इथं मोजणी कशी व्हायची ते समजून घ्या. तेव्हा गाडीत यंत्र नव्हतं. प्रत्येक गाडीमागं एक माणूस कार्ड आणि घड्याळ घेऊन बसायचा. पुष्कळदा ही मोजणी ड्रायव्हरच्या बायकाच करायच्या. गाडी समोरून गेली की वेळ लिहायची. धूळ उडते, गाड्या घोळक्यानं येतात, फेरी सुटू शकते. म्हणून 'मोजण्यात घोळ झाला' हे सांगायला सोपं होतं. स्कॉटला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की घोळबिळ काही नव्हता. विजेत्याच्या मंचावर बक्षीस द्यायला गोरी सुंदरी उभी असायची, आणि तिच्याशेजारी काळा माणूस त्यांना नको होता, हे तो उघड बोलायचा. एक फेरी सुटू शकते हे मी मानतो. दोन सुटल्या, आणि त्याही नेमक्या त्याच्याच? मला पटत नाही.

स्कॉट पुढंही पळत राहिला. १९७३ मध्ये टॅलाडेगाच्या मोठ्या अपघातानं कारकीर्द संपवली. एकूण ४९५ शर्यती, पहिल्या दहांत १४७ वेळा, जीत ती एकच. १९९० मध्ये तो वारला. २०१५ मध्ये संस्थेनं त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. संस्थेच्या हातून जॅक्सनव्हिलची ट्रॉफी घरच्यांना मिळाली ती २०२१ च्या ऑगस्टमध्ये. शर्यत १९६३ ची!

निकालाच्या कागदावर आज त्याचं नाव पहिल्या ओळीत आहे. पण तो कागद पाहून कोणालाही वाटेल की त्या दुपारी ट्रॉफी त्याच्याच हातात होती. तुमच्या खो-खोच्या सामन्यांत गुणपत्रिका ठेवणारा कोण आहे, आणि त्याच्याशेजारी दुसऱ्या संघाचं माणूस बसते का, हे पुढच्या वेळी आधी पाहून घ्या. भांडण नंतर करण्यापेक्षा खुर्ची आधी मांडा.

प्रश्न : आमची वैनगंगेच्या पात्रात डांगरवाडी असते. पोरानं व्हिडिओ दाखवला, एक अमेरिकन ड्रायव्हर शर्यत जिंकून गाडीच्या टपावरून टरबूज फोडते. पिकाची नासाडी करायला याला काही वाटत नाही?
— भंडारा जिल्हा

उत्तर : तो तुमच्याच जातकुळीचा आहे, रागावू नका. रॉस चेस्टेन, फ्लोरिडाचा. घराण्यात टरबुजाची शेती, आठवी पिढी. जिंकला की टरबूज फोडतो, जाहिरातही होते आणि मालही खपतो. आपल्याकडं भाव पडला की टरबूज नदीतच सोडून यावं लागते, त्यापेक्षा हे बरं.

याच पोराचा एक निकाल सांगण्यासारखा आहे. ३० ऑक्टोबर २०२२, वर सांगितलं ते मार्टिन्सव्हिल. शेवटची फेरी. वर्षाच्या विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जायला त्याला दोन जागा वर सरकणं भाग होतं आणि तो होता दहावा. त्यानं काय केलं, शेवटच्या दोन वळणांवर गाडी वरच्या गिअरात टाकली, पाय दाबून धरला, स्टिअरिंग भिंतीच्या भरवशावर सोडलं आणि गाडी भिंतीला घासत तशीच वळणातून नेली. बाकीचे ब्रेक मारून वळत होते, हा त्यांच्या बाहेरून निघाला. फेरी १८.८४५ सेकंदांत. त्या मैदानावर स्टॉक कारनं एवढ्या वेगात कधी फेरी मारली नव्हती. रेषेवर हॅमलिनला मागं टाकून तो पाचवा आला. लहानपणच्या व्हिडिओ गेममध्ये ही युक्ती चालायची, असं तो नंतर म्हणाला.

आता कागद उघडा. तिथं चेस्टेन चौथा आहे! कारण पुढं आलेल्या केसेलोव्स्कीची गाडी वजनात कमी भरली आणि तो बाद झाला. लोक आजही 'पाचवा आला' असंच सांगतात. हॅमलिन मात्र अंतिम चौघांतून गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी संस्थेनं कळवलं की असं भिंतीला घासून कोणी पळालं तर शिक्षा होईल. मला ते बरोबर वाटते. भिंतीच्या पलीकडं माणसं बसलेली असतात.

प्रश्न : आमच्याकडं तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे. तिथं सेकंदाच्या बारीक तुकड्यावर बैलजोडीचा नंबर लागते. मोटारीच्या शर्यतीत एवढं बारीक मोजतात काय?
— धामणगाव रेल्वे

उत्तर : तुमच्यापेक्षा बारीक. पण मोजायची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या पटात एक जोडी सुटते, तिचे सेकंद लिहितात, मग दुसरी सुटते. त्यामुळं सगळा वाद घड्याळाशी. धुरकरी शेजारच्याकडं पाहतच नाही, शेजारी कोणी नसतेच. अंडाकार मैदानावर छत्तीस ते चाळीस गाड्या एकदम पळतात, पाऊस आला तर वेळ तासांनी वाढते, पिवळा झेंडा लागला की सगळे हळू. शर्यत किती वेळात झाली याला त्यामुळं अर्थ नाही. अर्थ आहे तो शेवटी दोघांत अंतर किती, याला.

आता प्रत्येक गाडीत ट्रान्सपाँडर, म्हणजे गाडीची ओळख धाडणारं छोटं यंत्र, असतो आणि रस्त्यात तारा पुरलेल्या असतात, गाडी वरून गेली की वेळ आपोआप नोंदते. अगदीच चिकटून आले तर रेषेवरच्या कॅमेऱ्याचा फोटो. ५ मे २०२४ ला कॅन्ससच्या मैदानावर काइल लार्सननं क्रिस बुशरला हरवलं ते ०.००१ सेकंदानं. वरच्या मालिकेतलं हे सगळ्यात कमी अंतर. त्याआधीचा विक्रम ०.००२ चा: २००३ मध्ये डार्लिंग्टनला रिकी क्रेव्हन आणि कर्ट बुश एकमेकांना घासत रेषेवर आले होते, क्रेव्हन पुढं, आणि २०११ मध्ये टॅलाडेगाला जिमी जॉन्सन तेवढ्याच अंतरानं जिंकला. हिशेब करून पाहा. ताशी २८० किलोमीटरचा वेग धरला तर सेकंदाच्या हजाराव्या भागात गाडी आठेक सेंटिमीटर सरकते. माझ्या तळहाताची रुंदी.

डार्लिंग्टनचं नाव निघालं म्हणून जाता जाता: ते मैदान अंड्यासारखं एका बाजूला अरुंद आहे. १९५० मध्ये बांधताना जमीन देणाऱ्या शेतकऱ्यानं अट घातली होती की माझ्या मासळीच्या तळ्याला हात लावायचा नाही. म्हणून एक टोक आवळून घेतलं. भूसंपादनात असं ऐकून घेणारे लोक कुठं भेटतात ते मला कळवा.

प्रश्न : एक फेरी मागं पडलेल्याला एक फेरी फुकट परत देतात, हे खरं का? मग बाकीच्यांनी मेहनत कशाला करायची?
— उमरखेड

उत्तर : खरं आहे. पिवळा झेंडा लागला की फेरीनं मागं असलेल्यांपैकी जो सगळ्यात पुढं, त्या एकट्याला ती फेरी परत मिळते. मला हे पचायला वेळ लागला. पण कारण पाहा. २००३ पर्यंत झेंडा लागल्यावरही रेषेपर्यंत शर्यत चालू असायची, आणि मागं पडलेले फेरी भरून काढायला जीव तोडून पळायचे. त्या सप्टेंबरात न्यू हॅम्पशायरला डेल जॅरेटची गाडी रस्त्यात मोडून पडली होती, तो आत बसलेला, आणि गाड्या पूर्ण वेगात त्याच्या अंगावर येत होत्या. तो वाचला. त्यानंतर झेंडा लागताच जागा गोठवायचं ठरलं, आणि भरपाई म्हणून ही एक फेरी. माणूस मरण्यापेक्षा एक फेरी फुकट गेलेली परवडली.

प्रश्न : माझ्याकडं जुनी मारुती आहे, इंजिन खोलून घेतलं आहे. आम्ही मित्र रात्री बायपासवर सराव करतो. स्टॉक कार शर्यतीत जायला काय करावं?
— वणी

उत्तर : आधी बायपास सोड. तिथं रात्री ट्रक असतात, कोळशाचे. 

भारतात अशा शर्यतीचं अंडाकार मैदान नाही. कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, नावात स्पीडवे असलं तरी तो उजव्या-डाव्या वळणांचा रस्ता आहे. चेन्नईजवळ एक आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. शर्यतीचा परवाना एफएमएससीआय ही संस्था देते आणि त्याआधी प्रशिक्षण लागते. खर्च तुझ्या मारुतीच्या किमतीत बसणार नाही. हात चांगला असेल तर शर्यतीच्या संघात मेकॅनिक म्हणून शिरायचं पाहा. मी तुझ्या वयाचा असतो तर तेच केलं असतं.

प्रश्न : मी खाणीवर रात्रपाळीचा चौकीदार आहे. मोबाईलवर निकाल पाहायचा तर आपल्याकडं किती वाजता पाहावा?
— चंद्रपूर

उत्तर : डेटोना ५०० फेब्रुवारीत, रविवारी असते. तिथं दुपारी अडीचला सुटली की आपल्याकडं रविवारची रात्र संपून सोमवारचा एक वाजलेला असतो. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढं करतात, तेव्हा फरक साडेदहा तासांवरून साडेनऊ तासांवर येतो. पाऊस-बिऊस नसला तर साडेतीन-चार तासांत आटोपते. दोनशेव्या फेरीच्या तोंडाशी अपघात झाला तर जादा फेऱ्या होतात. २०२३ मध्ये रिकी स्टेनहाउस जिंकला तेव्हा २०० च्या २१२ झाल्या होत्या. म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास कोण पुढं आला ते कळेल. पण नंतर गाड्यांची तपासणी असते, ती तासा-दीड तासाची. तुमची ड्यूटी सहाला सुटत असेल तर घरी जा, आंघोळ करा, चहा घ्या, आणि सातनंतर कागद उघडा.